रोडगे बाहेरून करपतात, आत कच्चे राहतात: काय काय तपासायचं

दसरा झाला, सोयाबीनची रास घरी आली की कोजागिरीच्या आत एक दिवस आमच्या शेतात रोडगे होतात, म्हणजे कणकेचे थरदार गोळे निखाऱ्यांत भाजायचे. गाव हिंगोली जिल्ह्यातलं, कयाधूपासून फार लांब नाही. हिंगोलीचा दसरा बघायला आलेले पाहुणे दोन दिवस जास्तीचे थांबतात ते या जेवणासाठी. पंधरा किलो कणीक, वांग्याची भाजी, तुरीचं वरण आणि गवऱ्यांची आर, म्हणजे निखाऱ्यांचा थर. भाजी-वरण आणि कणीक बायकांकडे, आर पुरुषांकडे, असा जुना वाटा आहे. तो बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण त्या वाट्यामुळे गेली २२ वर्षं रोडगे बिघडले की बोलणी मला बसतात.

आणि ते बिघडतात. गंमत अशी की चैत्रात देवीच्या जेवणाला केले की झकास होतात. तेच हात, तीच गिरणी, तोच गहू, आणि आश्विनात मात्र फसतात. बरीच वर्षं आम्ही पिठाला दोष दिला. मग गव्हाला. एका वर्षी तर गिरणीवाल्याशी बोलणं बंद केलं होतं. आता माझं मत पक्कं झालंय: आश्विनातला रोडगा बहुतेक वेळा ओलीनं बिघडतो. पावसाळा नुकता हटलेला असतो, कधी परतीचा पाऊस अजून दारातच असतो. गवरीत ओल, जमिनीत ओल, डब्यातल्या पिठातही ओल. चैत्रात यातलं काहीच नसतं.

म्हणून खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून सुरू होतो. वरून खाली याच क्रमानं जा. गहू बदलायची वेळ क्वचित येते, पण लोक सुरुवातच तिथून करतात.

लक्षणं

आधी एक रोडगा बळी द्या. आरेतून काढा, झटका, फडक्यात धरून दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबा. चांगला रोडगा दाबला की "कर्रक" करून उलतो, आतून वाफ येते आणि थर सुटे दिसतात. नुसत्या चेहऱ्यावरून रोडग्याचं काही कळत नाही, फोडल्याशिवाय निदान करू नका.

बाहेर कोळसा आणि आत ओली कणीक असेल, तर रोडगे ज्वाळेवर पडलेत. बाहेर फिकट, आत कच्चट, आणि तास झाला तरी तसाच, तर आर थंड आहे किंवा ओली आहे. वरची बाजू खरपूस पण बुडाला कणीक चिकट, तर दोष जमिनीचा. भाजलाय नीट पण दगड झालाय, दातानं तुटत नाही, तर मोहन किंवा पीठ. राख अशी चिकटलीय की झटकून जात नाही, तर कणीक सैल आहे किंवा रोडगे आरेत लवकर पुरलेत. आरेतच उलून तुकडे झालेत, तर कणीक कोरडी आहे किंवा तोंड नीट मिटलेलं नाही. धुराचा कडवट वास तुपानंही जात नसेल, तर पुन्हा गवरीच.

एकाच आरेत काही बरोबर आणि काही कच्चे निघाले, तर पीठ-गहू-गिरणी हे सगळं तिथेच बाद करा. पीठ सगळ्यांचं एकच होतं. दोष जागेचा, आकाराचा किंवा आर पसरण्याचा. एवढं एक वाक्य मला २२ वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर गिरणीवाल्याशी भांडण झालं नसतं.

पहिली तपासणी: ज्वाळ खाली बसली का?

ही फुकट आहे, आणि पाहुणे भुकेले असताना सगळ्यात अवघडही. गवऱ्या पेटवल्यावर आमच्याकडे पाऊण तास ते तासभर कोणी रोडग्याला हात लावत नाही. ज्वाळ पूर्ण बसली पाहिजे, धूर थांबला पाहिजे, वर राखाडी पापुद्रा आणि फुंकर मारली की खाली लाल. तीच आर. ज्वाळेवर ठेवलेल्या रोडग्याचं कातडं पाच मिनिटांत काळं होतं आणि काळं झालं म्हणून माणूस काढून घेतो. आत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही.

माझ्या हातून हे पहिल्याच वर्षी झालं. मोठमाय, म्हणजे माझी थोरली चुलती, लांबून बघत होती. जवळ येऊन म्हणाली, "भाजायलास का जाळायलास रे?" मग तिनं तळहात आरेवर वीतभर उंच धरला आणि मोजायला लागली. पाचाला हात मागे घ्यावा लागला तर आर बरोबर. दोनालाच चटका बसला तर अजून थांब. दहापर्यंत आरामात धरवला तर गवरी वाढव. बाही वर करून, बांगड्या मागे सारून मोजायचं. आजही मी असंच मोजतो. माझ्या पोरानं एकदा थर्मामीटर आणला होता, पण त्याची सुई आरेच्या धगीत पहिल्याच दिवशी गेली.

दुसरी तपासणी: पुरायची घाई झाली का?

रोडगा दोन टप्प्यांत भाजतो. आधी आरेवर, उघड्यावर, दहा-बारा मिनिटं, चिमट्यानं फिरवत. सगळ्या अंगानं कोरडं, कडक कातडं आलं की मगच आरेत पुरायचा आणि वरून गरम राख-निखारे ओढायचे. पुढे ३५ ते ४० मिनिटं त्याला विसरायचं.

कातडं येण्याआधी पुरला तर ओल्या कणकेला राख चिकटते. ती राख मग पोत्यात घालून झटकली तरी जात नाही, कारण ती वर बसलेली नसते, कणकेत भाजली गेलेली असते. राख चिकटू नये म्हणून काहीजण बाहेरून तेल लावतात. त्यानं राख दुप्पट चिकटते. तेल आत, थरांमध्ये. बाहेर काही लावायचं नाही.

राखेचं ज्यांना फारच वावडं आहे त्यांनी पळसाची पानं वर-खाली लावून पानगे करावेत. चव वेगळी पण छान लागते. पानं मात्र ओळखीचीच घ्या, बांधावर जे हाताला लागेल ते नको. रुईचा चीक अंगाला, डोळ्याला घातक असतो.

तिसरी तपासणी: गवरी वाजवून बघा

आश्विनातला खरा गुन्हेगार हा. म्हणून इथे जरा थांबतो.

गवऱ्या थापतात हिवाळ्या-उन्हाळ्यात. वाळल्या की रचून, वरून झाकून ठेवतात आणि त्या रचलेल्या राशीवर अख्खा पावसाळा जातो. वरून कोरड्या दिसतात. हाताला कोरड्या लागतात. पण शेणात चोथा असतो, आणि चोथा हवेतली ओल पितो. रोज चुलीत एक-दोन गवऱ्या घालणाऱ्याला हे जाणवत नाही, थोडा धूर होतो इतकंच. शंभर-दीडशे गवऱ्या एकदम पेटवल्या की मात्र हिशेब बदलतो.

हिशेब असा. एक लिटर गार पाणी उकळीला आणायला जी उष्णता लागते, तिच्या साधारण सात पट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची पुढे पूर्ण वाफ करायला लागते. म्हणजे गवऱ्यांच्या ढिगात चार-पाच लिटर पाणी लपलेलं असेल, तर तुमची आर पहिला बराच वेळ रोडगे भाजत नाही, पाणी उडवत असते. दिसायला ढीग पेटलेला असतो. धूर खूप, धग कमी. त्या अर्धवट जळणाऱ्या धुराचाच कडवट वास रोडग्याला लागतो.

तपासायला पैसा लागत नाही. दोन गवऱ्या हातात घेऊन एकमेकींवर आपटा. वाळलेली गवरी मडक्यासारखी टणटणते. ओली "भद्द" करते. मग एक मोडून बघा. कोरडी तुटते, कडा धारदार येतात, भुसा उडतो. ओली वाकून तुटते आणि मोडलेली जागा काळपट, गारसर लागते. मोडलेली जागा ओठाच्या वर लावली की गारवा लगेच कळतो. हसू नका, बोटांना जे कळत नाही ते तिथल्या कातडीला कळतं.

उपाय: राशीच्या बाहेरच्या आणि बुडाच्या गवऱ्या रोडग्याला घेऊ नका, मधल्या काढा. दोन-तीन दिवस आधी ऑक्टोबरच्या उन्हात दोन-दोन एकमेकींना टेकवून उभ्या करा, पत्र्यावर किंवा दगडावर, मातीवर नाही. दुपारी फिरवा. संध्याकाळी झाका, नाहीतर दिवसभर उडालेली ओल पहाटेच्या दहिवरात परत येते. आमचा घरचा हिशेब किलोभर पिठाला ताटाएवढ्या ८ ते १० गवऱ्यांचा आहे. आश्विनात मी दोन-तीन वाढवूनच धरतो.

पेटवायला वाळक्या तुराट्या आणि थोडा कापूर. डिझेल-रॉकेल ओतलं तर जेवणापर्यंत वास राहतो. पळाट्या मी वापरत नाही, कापसावर हंगामभर काय काय फवारलेलं असतं ते आपल्याला माहीत असतं. रंगीत लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक तर नकोच.

चौथी तपासणी: खालची जमीन

बुडाला कच्चा रोडगा निघाला की आमच्या घरात दोन वर्षं वाद चालला होता. शेवटी आर विझल्यावर मी जागा उकरून बघितली. वरचं बोटभर भाजलेलं, भुरभुरीत, आणि त्याच्या खाली काळी माती चक्क लाडवासारखी वळत होती.

मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा हा स्वभाव आहे. पाणी धरून ठेवते. वरून भेगा पडायला लागलेल्या असतात, वीतभर खाली ओल असते, म्हणून तर रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. ज्वारीला जी ओल सोन्यासारखी, ती आरेला शत्रू. खालची माती सगळी धग पिते.

उपाय स्वस्त आहे. जुना पत्रा अंथरा, त्यावर विटांचा एक थर किंवा चार बोटं कोरडी वाळू, आणि त्यावर गवऱ्या रचा. नदीकाठचे दगड विटांच्या जागी वापरू नका. पाण्यात राहिलेला दगड तापला की फुटतो, आणि त्याची कपची कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. पत्रा नसेल तर आदल्या संध्याकाळी त्याच जागी एक छोटा जाळ करून जमीन तापवून घ्या. तेवढ्यानंही फरक पडतो.

पाचवी तपासणी: आकार

पाहुण्यांसाठी म्हणून मोठे रोडगे वळण्याची हौस असते. उष्णता कणकेत फार हळू शिरते, आणि जाडी दुप्पट केली की आत पोचायला वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट लागतो. म्हणून लिंबापेक्षा मोठा, मोसंबीपेक्षा लहान हे माप. वजनात सांगायचं तर १०० ग्रॅमच्या आतबाहेर. आणि सगळे एका मापाचे. लहान पोरांना वळायला बसवलं की एक सुपारी आणि एक नारळ होतो. त्यांचे वेगळे, आरेच्या कडेला ठेवावेत. त्यांची हौस होते आणि आपला घाणाही बिघडत नाही.

सहावी तपासणी: कणीक

इथून पुढे दोष शोधायला कष्ट आहेत, कारण बिघाड दिसेपर्यंत कणीक भिजवून झालेली असते.

मोहन किलोला १०० ते १२५ ग्रॅम तेल, कडकडीत तापवून. पिठाला चोळून मूठ वळली पाहिजे आणि बोटानं टोकरली की फुटली पाहिजे. तेल पिठाच्या कणांभोवती बसतं आणि कणीक रबरासारखी ताणू देत नाही. मोहन कमी पडलं की रोडगा भाजूनही दगड होतो, आणि अशा रोडग्याला वरून कितीही तूप ओता, ते बाहेरच थांबतं.

पाणी पुरीच्या कणकेपेक्षाही कमी. किलोला ४०० मिलीच्या आसपास, पण एकदम ओतू नका. आश्विनात पीठ आधीच ओल धरून असतं, म्हणून उन्हाळ्याचं माप तसंच वापरलं की कणीक सैल होते. आमच्या वहिनी आता आदल्या दिवशी पीठ सुती कापडावर तासभर उन्हात पसरतात. मग पाणी नेहमीच्या मापानं घातलं तरी चालतं.

मळून झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवा. जाडसर पीठ आणि कोंडा पाणी सावकाश पितात. लगेच वळलं तर हाताला सैल वाटतं, म्हणून आपण कोरडं पीठ वाढवतो, आणि अर्ध्या तासानं तीच कणीक फुटायला लागते. आरेत उलणाऱ्या रोडग्यांचं मूळ बरेचदा या अर्ध्या तासात असतं.

थरांचं सांगतो. तीन लहान पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीवर तेलाचं बोट, चिमूटभर कोरडं पीठ, एकीवर एक ठेवायच्या, आणि चौथ्या मोठ्या पारीत गुंडाळून तोंड मिटायचं. तोंड पाण्याच्या बोटानं मिटवा, तेलाच्या हातानं नाही. तेलानं मिटलेलं तोंड आरेत हमखास उघडतं. थर नसले की आतला गोळा एकसंध राहतो आणि मधोमध कच्चटपणाची गाठ उरते. सोडा घालणारे घालतात. माझं मत विचाराल तर नको. जास्त झाला की साबणाची चव आणि पिवळे डाग, आणि थर नीट असतील तर त्याची गरजही पडत नाही.

सातवी तपासणी: पीठ आणि गिरणी

चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटात चोळा. रवाळ लागलं पाहिजे, बारीक रव्याच्या जवळ. पोळीचं पीठ वापरलं तर रोडगा चिवट होणारच, त्यात आरेचा दोष नाही. पोळीचं पीठच हाताशी असेल तर चौथा भाग जाड रवा मिसळा, काम भागतं.

गिरणीत "रोडग्याचं दळण" सांगितलं तरी पीठ बारीक आणि हाताला चटका बसेल इतकं गरम येत असेल, तर जात्याच्या दगडाची धार गेलीय. दगड गहू तोडत नाही, घासतो. त्याला टाकी मारून घ्यावी लागते. ते काम जाणकाराचं. गिरणीवाल्याला नीट शब्दांत सांगा, मी सांगितलं तसं नको. तोवर दुसऱ्या गिरणीतून दळून आणा.

पिठाचा वास घ्या. पावसाळाभर डब्यात राहिलेल्या पिठाला कुबट वास येत असेल, गुठळ्यांवर हिरवट-काळपट बुरशी असेल, तर ते पीठ संपलं. चाळून, उन्हात घालून, भाजून ते चांगलं होत नाही. काही बुरशींचं विष आरेच्या धगीतही टिकतं. जनावरांनाही घालू नका.

शेवटची तपासणी: गहू

इथवर सगळं बरोबर आणि तरी रोडगा बिघडतोय, तर मग गहू बघा. चार दाणे दाताखाली धरा. "कट्" करून फुटला तर कोरडा. दबला, चेपला तर ओल धरलीय. साठवणीच्या गव्हात ओल १२ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये असं म्हणतात ते याच कारणानं, सोंडेही मग तिथेच घर करतात. दोन कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या, मग दळा. गरम गहू डब्यात भरला की आतल्या आत घाम सुटतो आणि केलेलं सगळं वाया जातं.

जातीचं म्हणाल तर आमच्याकडे लोकवन असतो. मूळ नाव लोक-१. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेलं वाण, बोलता बोलता आपण त्याचं लोकवन केलं. त्याचा रोडगा चांगला होतो. बन्सी मिळाला तर आणखी चांगला. दाणा कडक, पिवळसर, दळण आपोआप रवाळ पडतं. पण नुसत्या बन्सीची कणीक फुटते, म्हणून निम्मा-निम्मा. महाग पडतो, आणि ज्याची गवरी ओली आहे त्याला बन्सीही वाचवत नाही.

शहरातल्या ओव्हनवाल्यांसाठी

पुण्या-संभाजीनगरात राहणाऱ्या भावंडांचे फोन दरवर्षी येतात. १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, ओव्हन आधी पूर्ण तापवून, अर्ध्या वेळेनंतर रोडगे उलटून. अप्पेपात्रात करायचे तर आकार निम्मा, आच मंद, झाकण वर. सगळं पाळूनही एक बाजू रोज करपते किंवा दाखवलेलं तापमान आणि प्रत्यक्ष भाजणं जुळत नाही, तर थर्मोस्टॅट गेला असेल. तो स्वतः उघडू नका, मेकॅनिक बोलवा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करायचं नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

कधी थांबायचं

माणसं शंभराच्या वर असतील तर हट्ट सोडा आणि रोडग्याची पंगत काढणारा आचारी बोलवा. घरच्या पंधरा किलोची आर आणि पन्नास किलोची आर यांत नुसता आकाराचा फरक नाही. मोठ्या आरेची मधली धग आणि कडेची धग वेगळी असते, आणि ती फावड्यानं हलवत सारखी ठेवणं हे वेगळंच कसब आहे. आम्ही एकदा घरच्या घरी करायला गेलो. दोनशे माणसांना वरण-भात वाढला.

पाऊस आला तर आर आत नेऊ नका. ही चूक आम्ही केलेली आहे. सहा-सात वर्षांपूर्वी ऐन भाजणीत सर आली, म्हणून निखारे घमेल्यांत भरून आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये नेले आणि दार ओढून घेतलं. अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं, चुलतभाऊ भिंतीला टेकून बसला आणि उठेना. धूर तर काहीच नव्हता. कोंडलेल्या जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. चुलतभावाला ओढत बाहेर काढला, मोकळ्या हवेत त्याला बरं वाटलं, तरी दवाखान्यात नेला. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, यातलं काही झालं तर सगळ्यांनी बाहेर, आणि १०८ ला फोन. रोडगे तिथेच राहू द्या.

भाजलं तर चटका बसलेला भाग २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, तूप काही नको. अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढा. तोंड, हाताचा पंजा, सांधा भाजला असेल, फोड तळहाताएवढा असेल किंवा भाजलेलं लेकरू असेल, तर घरी थांबू नका.

सोयाबीनच्या भुशाचा ढीग आरेपासून निदान पन्नास पावलं लांब हवा, आणि वाऱ्याच्या दिशेत नको. तो ओढून न्यायला अर्धा तास लागतो, पेटायला एक ठिणगी. ढिगाला लागलीच तर बादल्या घेऊन धावू नका. माणसं आणि जनावरं बाजूला काढा आणि १०१ किंवा ११२ लावा. घरी निघताना आरेवर पाणी ओता, फावड्यानं ढवळा, पुन्हा ओता. गवरीची आर राखेखाली दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडते.

आणि कच्चे निघालेले रोडगे फेकू नका. पाव-पाव इंचाचे काप करा, तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, किंवा काप उकळत्या वरणात सोडून दहा मिनिटं शिजू द्या, वरणफळासारखे. ज्या वर्षी मी आर घालवली त्या वर्षी मोठमायनं हेच केलं. तेव्हापासून आमच्या घरातली पोरं कोजागिरीच्या आधी विचारतात, "काका, या वर्षी कच्चे करणारेत ना?"